‘लागलं नाही’ : एका विद्यार्थिनीचे पाच खर्डे

आमच्या महाविद्यालयात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मराठी लेखनाचा एक छोटा अभ्यासक्रम आहे. दोन श्रेयांक, ३० तास, ५० गुण. आठवड्याला दोन तासिका धरल्या तर सत्र कधी संपलं ते कळतही नाही. तालुक्याचं गाव, अहिल्यानगर जिल्ह्यातला दुधाचा पट्टा. वर्गातली निम्मी मुलं सकाळी गोठ्यातलं काम उरकून एसटी पकडतात. त्यांतल्याच एका मुलीच्या पाच खर्ड्यांबद्दल हे लिहिते आहे. तिची परवानगी घेतली आहे. नाव, गाव, वर्ष लिहीत नाही, कारण पुढे ज्या आजींचा उल्लेख येईल त्या गावाच्या नावावरून लगेच ओळखू येतील.

हे प्रकरण मांडावंसं वाटलं, कारण या मुलीच्या लेखनात जे बदललं ते माझ्या दुरुस्त्यांमुळे बदललं नाही. पहिले पाच आठवडे तर माझ्या दुरुस्त्यांनी तिचं लेखन मागे नेलं. ते कसं, हे खर्ड्यांवर तारखा घातलेल्या असल्यामुळे मला आता स्पष्ट दिसतं.

पहिला खर्डा

विषय मीच दिला होता : ‘माझे गाव’. तिने सव्वातीनशे शब्दांचा निबंध आणला. सुरुवात अशी :

‘निसर्गाच्या कुशीत वसलेले माझे गाव म्हणजे जणू स्वर्गच होय. पहाटे पक्ष्यांच्या मंजुळ किलबिलाटाने गावाला जाग येते. बळीराजा आपल्या सर्जा-राजाला घेऊन शेताकडे निघतो.’

हे वाचून तिला कमी लेखण्याचं कारण नाही. शाळेत तिला अशाच निबंधांना चांगले गुण मिळत आले होते. ‘पावसाळ्यातील एक दिवस’, ‘मी पाहिलेला सूर्योदय’ या विषयांवर पाठ केलेली वाक्यं जोडत जाणं हे एक कौशल्यच आहे आणि ते तिने मन लावून कमावलं होतं. पण तिच्या गावात आता बैलजोड्या जवळपास उरलेल्या नाहीत. नांगरट ट्रॅक्टरने होते. गावाला जाग येते ती मोटरसायकलला बांधलेल्या कॅनच्या खडखडाटाने. ही मुलगी स्वतः साडेचारला उठते आणि साडेपाच ते आठ दूध संकलन केंद्रावर काम करते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. निबंधात त्याचा एक शब्दही नव्हता.

मी काय केलं? लाल पेन घेतलं. ‘नीसर्ग’, ‘स्विकार’, ‘आशिर्वाद’, ‘दुध’ असं सगळं दुरुस्त केलं. समासात ‘ऱ्हस्व-दीर्घाकडे लक्ष द्या’ असं लिहिलं. खाली एक ओळ : ‘भाषा चांगली आहे, शुद्धलेखन सुधारा.’ त्या निबंधातलं गाव खोटं होतं, आणि त्याबद्दल मी काहीच म्हटलं नाही.

दुसरा खर्डा

दोन आठवड्यांनी तिने तोच निबंध पुन्हा लिहून आणला. लांबी निम्म्यावर आली होती. ‘माझे गाव लहान आहे. गावात मारुतीचे मंदिर आहे. लोक कष्टाळू आहेत. शेती हा मुख्य व्यवसाय आहे.’ चुका जवळजवळ नव्हत्या. मी तिला वर्गात शाबासकी दिली.

आज दोन्ही कागद शेजारी ठेवले की दिसतं, की तिने चुका दुरुस्त केल्याच नव्हत्या. जे शब्द लिहिताना भीती वाटत होती ते तिने काढून टाकले होते. ‘आशीर्वाद’ गेला, ‘निसर्ग’ गेला, आणि ‘दूध’ही गेलं. घराघरांत गाय असलेल्या गावावरच्या निबंधात दूध हा शब्दच नाही! शब्द ऱ्हस्व की दीर्घ या शंकेपायी माणूस आपलं जगणं कागदाबाहेर ठेवू शकतो, हे मला शिक्षक म्हणून फार उशिरा कळलं. एक तृतीयांश अभ्यासक्रम तोवर संपत आला होता.

मधल्या काळात मी वर्गात मुक्ता साळवेचा निबंध वाचून दाखवला होता. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणाऱ्या या चौदाएक वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. नुकतीच लिहा-वाचायला शिकलेली मुलगी आपल्या समाजाचं दुःख इतक्या थेटपणे मांडते, हे ऐकून वर्ग शांत झाला होता. मला वाटलं, आता पुढचं लेखन आपोआप बदलेल. तसं काही झालं नाही. मोठं उदाहरण ऐकून मुलं भारावतात, पण ‘आपल्याकडे तसं सांगण्यासारखं काय आहे?’ असंही त्यांना वाटतं. या मुलीने मला नंतर नेमकं हेच सांगितलं : ‘मॅडम, तिच्याकडे लिहायला काहीतरी होतं.’

हातांचा तास

सहाव्या आठवड्यात मी विषय देणं बंद केलं आणि एक प्रश्न दिला : काल सकाळी सहा ते सात या तासात तुमच्या हातांनी काय काय केलं? मनात काय आलं ते नको, फक्त हात. दोघांदोघांच्या जोड्या केल्या. एकाने सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं आणि जिथे कळणार नाही तिथे विचारायचं. छान आहे, आवडलं, असं काही म्हणायचं नाही. जोड्या लावताना एवढंच पाहिलं, की दोघांची घरं सारखी नसावीत.

तिच्या वाट्याला बाजारपेठेत राहणारी एक मुलगी आली. तिच्या घरी दूध पिशवीतून येतं. तिने मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू केलं आणि विचारत गेली. डिग्री म्हणजे काय गं? कॉलेजची? फॅट कळते कशी? एसएनएफ म्हणजे? दर कोण ठरवतं? ‘पगार’ कुणाचा, तुझा की गाईचा?

या शेवटच्या प्रश्नावर दोघी हसल्या, पण उत्तर मोलाचं आहे. आमच्या भागात दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी मिळतात आणि त्याला ‘पगार’ म्हणतात. मजुरी करणारी बाईसुद्धा ‘दुधाचा पगार झाला की देते’ असं किराणा दुकानदाराला सांगते. शेतीच्या पिकाचे पैसे वर्षातून एकदोनदा येतात, कांद्याचे येतील तेव्हा येतात. घराला दर महिन्याला तीनदा हातात पैसा देतं ते दूध. आणि तो पैसा ठरतो लिटर, फॅट आणि एसएनएफ या तीन आकड्यांवर. आमच्याकडे गाईच्या दुधाला साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफ धरून दर असतो. त्याखाली गेलं की कपात. फॅट, म्हणजे दुधातला स्निग्धांश, यंत्र सांगतं. एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, फॅट आणि लॅक्टोमीटरची डिग्री मिळून काढतात. लॅक्टोमीटर म्हणजे दुधात तरंगत सोडून त्याची घनता मोजायचं साधन, आणि त्यावर दिसणारा आकडा म्हणजे डिग्री. ढोबळ हिशोब असा, की चार डिग्रीला एक एसएनएफ. म्हणजे डिग्री दोनने कमी आली तर एसएनएफ अर्ध्या अंकाने उतरतो, आणि त्या गाईचा पगारही कमी होतो.

हे सगळं ती घडाघडा बोलली. वर्गात आजवर तिने एवढं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्या मुद्रणावरून मैत्रिणीने जे उतरवून काढलं तो तिसरा खर्डा. त्यातला एक तुकडा जसाच्या तसा :

‘नळी काठोकाठ भरायची. मग लॅक्टोमीटर हळूच सोडायचं, टाकायचं नाही, टाकलं तर खाली आपटतं. ते वरखाली होतं. थांबतं. थांबलं की डोळा दुधाच्या रेषेला आणायचा. उभ्यानं वरून बघितलं तर खोटं दिसतं.’

पहिल्या खर्ड्यातलं ‘मंजुळ किलबिलाटाने’ आणि हे ‘उभ्यानं वरून बघितलं तर खोटं दिसतं’ यांत सहा आठवड्यांचं अंतर आहे. पण ही भाषा तिने सहा आठवड्यांत मिळवली नाही. ती तिच्याकडे तीन वर्षांपासून होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. आणि विचारणारी व्यक्ती खरोखर न कळणारी हवी होती. मी विचारलं असतं तर तिने शिक्षकाला द्यायचं उत्तर दिलं असतं. बाजारपेठेतल्या मैत्रिणीला खरंच माहीत नव्हतं, त्यामुळे हिला सोपं, नेमकं आणि क्रमाने सांगावं लागलं.

इथे माझी आणखी एक चूक नोंदवते. या मुलीने तो मजकूर आपल्या वहीत उतरवताना ‘दूध लागलं नाही’ असं लिहिलं होतं. मी त्यावर रेघ मारून ‘दूध प्रमाणात आले नाही’ असं केलं. केंद्रावर दूध ‘लागतं’ किंवा ‘लागत नाही’, फॅट ‘लागते’. तपासणीत उतरणं, पुरं पडणं, या अर्थाचं ते तिथलं रोजचं, तंतोतंत क्रियापद आहे. गाईचा मालक रांगेत उभा राहून ‘लागलं का?’ एवढंच विचारतो आणि त्या दोन शब्दांत त्याची दहा दिवसांची काळजी असते. मी ते पुसून कार्यालयातलं वाक्य बसवलं होतं. मैत्रिणीनेच वर्गात विचारलं, ‘मॅडम, पण तिकडे असं म्हणतात का?’ मी माझी रेघ खोडली.

चौथा खर्डा, आणि एक वाक्य

यानंतर ती थांबेचना. सात पानं आली. फॅट, एसएनएफ, दरपत्रक, बल्क कूलर, दूध चार अंशांपर्यंत गार का करतात, पावसाळ्यात ओल्या चाऱ्याने फॅट कशी उतरते, मुरघास, सरकी पेंड, कासदाह. गावात कासदाहाला ‘दगडी’ म्हणतात, कास दगडासारखी होते म्हणून, हेही तिने लिहिलं. सगळं बरोबर आणि सगळं कंटाळवाणं. तिसऱ्या खर्ड्यातला हात गेला होता आणि माहितीपत्रक आलं होतं. लिहिणारे बरेच जण या टप्प्यावर येतात. आपल्याला पुष्कळ माहीत आहे हे पहिल्यांदा कळतं आणि मग काहीच गाळवत नाही. मला हा टप्पा आवश्यक वाटतो. इथे कात्री लावायला सांगितलं की मुलं पुन्हा दुसऱ्या खर्ड्यावर जातात. मी फक्त पाचव्या पानावरच्या एका वाक्याखाली रेघ ओढली :

‘काही शेतकरी दुधात पाणी घालतात.’

समासात लिहिलं : कोण? तुला कसं कळलं?

दुसऱ्या दिवशी ती मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या दाराशी उभी राहिली. आत आली, बसली नाही. म्हणाली, ‘एक आजी आहेत. केंद्राच्या मागच्याच घरात राहतात. एकच गाय आहे. त्यांची डिग्री कायम कमी लागते, सव्वीस, कधी साडेपंचवीस. सगळे म्हणतात, म्हातारी पाणी घालते. मीपण तेच समजते.’ थोडं थांबून : ‘पण फॅट चांगली लागते.’

‘मग तू हे का नाही लिहिलंस?’

‘गावात वाचतील की.’

त्या दिवशी आम्ही यावरच बोललो. खऱ्या माणसांविषयी लिहिताना नाव बदललं तरी एवढ्या छोट्या गावात काही लपत नाही. म्हाताऱ्या बाईवर गावाने घेतलेला संशय आपण कागदावर पक्का करणार का? मी तिला म्हटलं, की हे लिहायचं की नाही ते तू ठरव. पण लिहिणार असशील तर ‘सगळे म्हणतात’ यावर थांबता येणार नाही. हे वाक्य मी लेखनाची शिक्षिका म्हणून म्हटलं होतं. त्यातून पुढे काय होणार याची मला कल्पना नव्हती.

गरम आणि गार

पुढच्या तासाला तिने जोडीदारणीला ही गोष्ट सांगितली, आजी कोण ते न सांगता. त्या मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘त्या मागच्याच घरातून आणतात म्हणजे दूध अगदी ताजं असणार ना? बाकीच्यांचं येईपर्यंत गार होत असेल. गरम असताना आणि गार झाल्यावर डिग्री सारखीच येते का?’

हिला उत्तर देता आलं नाही. तीन वर्षं लॅक्टोमीटर वापरणाऱ्या मुलीला या प्रश्नाचं उत्तर माहीत नव्हतं, आणि हा तिच्या लेखनातला सर्वांत मोठा क्षण होता असं मी मानते. माहीत असलेलं लिहून झालं होतं. आता माहीत नसलेल्याची कड दिसली.

तिने चार सकाळी एक गोष्ट केली. आजींचं दूध आल्याबरोबर डिग्री पाहिली आणि रोजच्यासारखी नोंदवली. त्यातलंच थोडं एका भांड्यात झाकून बाजूला ठेवलं. गर्दी ओसरल्यावर, फेस बसल्यावर, ते हलक्या हाताने ढवळून पुन्हा नळीत ओतलं आणि पुन्हा पाहिलं. चारही दिवस दुसरा आकडा वर आला. कधी एक डिग्री, कधी दोनच्या जवळ.

मग ती आमच्या रसायनशास्त्राच्या सरांकडे गेली. मराठी विषयाची मुलगी प्रयोगशाळेत का आली म्हणून त्यांनाही नवल वाटलं असावं, पण त्यांनी पाऊण तास दिला. कासेतून आलेलं दूध शरीराइतकं, साधारण ३८ अंश सेल्सिअस गरम असतं. गरम द्रवाची घनता कमी असते, त्यामुळे लॅक्टोमीटर त्यात जास्त बुडतं आणि डिग्री कमी दिसते. नुकत्याच काढलेल्या दुधात फेस आणि हवेचे बारीक बुडबुडेही असतात, त्यानेही वाचन खाली येतं. लॅक्टोमीटर एका ठरावीक तापमानाला जुळवलेलं असतं, आणि दूध त्याहून गरम असेल तर आकड्यात दुरुस्ती करून घ्यायची असते. दुरुस्ती केली नाही तर पाणी न घालताही दूध पातळ ठरतं. आणि फॅट चांगली लागत होतीच. पाणी घातलं असतं तर फॅटही उतरली असती. तिला खटकलेली ती ‘पण’ इथे येऊन बसली.

मी तिला एवढंच बजावलं, की चार सकाळी म्हणजे पुरावा नव्हे. गाय उतरत्या वयाची आहे, उन्हाळ्यात चारा कमी पडत असेल, त्यानेही एसएनएफ उतरतो. आजींनी कधीच पाणी घातलं नसेल असंही आपल्याला छातीठोकपणे म्हणता येत नाही. ती म्हणाली, ‘मॅडम, मी तसंच लिहिणार आहे.’ आणि तसंच लिहिलं.

पाचवा खर्डा

सातशे शब्द. सात पानांतलं जवळजवळ सगळं गेलं. दरपत्रक गेलं, बल्क कूलर गेला, मुरघास गेला. मी एकही ओळ काढायला सांगितली नव्हती. आजींची गोष्ट सांगायला काय लागतं हे तिला कळल्यावर बाकीचं आपसूक गळलं. केंद्रावरची पहाट राहिली, रांग राहिली, नळी राहिली. तिसऱ्या खर्ड्यातलं ते ‘उभ्यानं वरून बघितलं तर खोटं दिसतं’ हे वाक्य तिने जागा बदलून मध्यावर आणलं, आजी किटली घेऊन समोर उभ्या असतात तिथे. तिथे ते नुसतं लॅक्टोमीटरबद्दलचं राहत नाही. तिने हे ठरवून केलं का, असं मी विचारलं. ‘तिथं बरं वाटलं,’ म्हणाली.

शेवटाकडे ही वाक्यं आहेत :

‘तीन वर्षं मी आजींच्या नावापुढं २६ लिहीत होते. आकडा बरोबर होता. त्याचा अर्थ मी लावत नव्हते, गाव लावत होतं, आणि मी गावाचं ऐकत होते.’

आता शुद्धलेखन. पाचव्या खर्ड्यात चुका होत्या, दुसऱ्यापेक्षा कितीतरी जास्त, कारण शब्द पुष्कळ होते. या वेळी ती स्वतःहून वही घेऊन आली आणि म्हणाली, ‘दूध मोठा ऊ काढायचा, मग दुधाचा लिहिताना लहान का?’ पाच वर्षांत कुठल्या विद्यार्थ्याने मला हा प्रश्न स्वतःहून विचारला नव्हता. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम अठरा आहेत, १९६२ सालचे चौदा आणि १९७२ मध्ये आलेले चार. ते मी दरवर्षी पहिल्या आठवड्यात फळ्यावर लिहीत असे आणि मुलं उतरवून घेत. त्यांतले दूध-दुधाचा याबद्दलचे नियम तिच्या रोजच्या कामात बसलेले होते. मराठी अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ : दूध, मूल, जमीन, गरीब. त्याच शब्दाला प्रत्यय लागून सामान्यरूप झालं की तो ऱ्हस्व : दुधाचा, मुलाला, जमिनीवर, गरिबाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र आपलं मूळ रूप सोडत नाहीत, म्हणून ‘गुण’ दीर्घ होत नाही आणि ‘परीक्षेला’ ऱ्हस्व होत नाही. बोलतानाही ‘दूध’ म्हणताना आपण ऊ ओढतो आणि ‘दुधाचा’ म्हणताना ओढत नाही, हे तिने दोनतीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. चाळीस मिनिटांत तिची निम्मी वही तिनेच दुरुस्त केली. वाक्य टिकवायचं आहे म्हटल्यावर नियम ओझं वाटत नाही. क्रम मी उलटा लावला होता, इतकी वर्षं.

बोलीचा प्रश्नही तेव्हाच निघाला. निवेदन ‘केले-गेले’ असं करायचं की ‘केलं-गेलं’? आजी बोलतात तसं लिहायचं का? पात्राच्या तोंडी बोली चालते, हे नियमांनीही मान्य केलेलं आहे. निवेदनाचं तिने स्वतः ठरवलं : ‘केलं, गेलं’, आणि केंद्रावरचे शब्द न बदलता. ‘पुढं’चं ‘पुढे’ करावं का, यावर आमचा वाद झाला. मी करावं म्हणत होते. ‘पुढं’ राहिलं.

आजींनी केलेली दुरुस्ती

जमा करण्याआधी तिने लेख आजींना वाचून दाखवायचा ठरवला. हे माझ्या सूचनांत नव्हतं आणि मी जरा घाबरले. आजी रागावल्या तर? केंद्रावर बोभाटा झाला तर? त्या केंद्रावरच्या कामाचे तिला महिन्याला पैसे मिळतात, त्यातूनच पासचा खर्च निघतो. मी हे तिला सांगितलं. तिने आठवडाभर विचार केला आणि एका संध्याकाळी धारेच्या वेळी गेली.

लेखात तिने आजींचं नाव घातलंच नव्हतं. गाईचं नाव बदललं होतं, कारण गावात त्या नावाची एकच गाय आहे आणि ती कुणाची ते सगळ्यांना माहीत आहे. वर्गात यावर चांगली अर्ध्या तासाची चर्चा झाली होती आणि नाव बदलणंच योग्य, असं सगळ्यांचं मत पडलं होतं, माझंही.

आजींनी पूर्ण ऐकलं. गरम-गारचा भाग दोनदा वाचायला लावला. मग म्हणाल्या, ‘मला ठावं होतं, मी पाणी घालत न्हाई. तुला आत्ता कळलं.’ यावर ही काही बोलू शकली नाही. हे वाक्य तिने नंतर लेखात घातलं, शेवटच्या आधीच्या परिच्छेदात, कुठलीही पुस्ती न जोडता.

परीक्षण करताना मी तिला पन्नासपैकी किती दिले हे इथे महत्त्वाचं नाही. मैत्रिणीचं मात्र सांगायला हवं. तिचा स्वतःचा लेख साधारण होता आणि तिला त्याप्रमाणे गुण मिळाले. ज्या प्रश्नावर हा सगळा लेख उभा राहिला तो तिचा होता, आणि माझ्या गुणपत्रिकेत प्रश्नाला रकानाच नव्हता. पुढच्या सत्रापासून मी अंतर्गत गुणांपैकी दहा गुण दुसऱ्याच्या खर्ड्यावर विचारलेल्या प्रश्नांना ठेवले आहेत. लाल पेन दहाव्या आठवड्याआधी काढत नाही. मुलं पहिल्याच आठवड्यात ‘मॅडम, चुका?’ असं विचारतात, आणि त्यांना थोपवून धरणं मला वाटलं होतं त्यापेक्षा अवघड जातं.

ही मुलगी आता चांगली लेखिका झाली, असं मी म्हणणार नाही. वार्षिक अंकासाठी तिने वारीवर लेख दिला, त्यात ‘भक्तीचा महासागर’ आणि ‘डोळ्यांचे पारणे फिटले’ परत आले. वारीला ती स्वतः एकच दिवस गेली होती, तेही गाडीने. मी तिला विचारलं, त्या दिवशी तुझ्या हातांनी काय केलं? ती हसली आणि लेख परत घेऊन गेली. अजून आणलेला नाही. केंद्रावर मात्र ती आजींचं दूध आता सगळ्यांत शेवटी मापते. आजी किटली ओट्यावर ठेवून जातात आणि अर्ध्या तासाने परत येतात.

त्या संध्याकाळी निघताना आजींनी तिला परत बोलावलं होतं. गाईचं नाव खटकलं होतं त्यांना.

‘माझं नाव न्हाई घातलंस ते बरं केलंस. पर तिचं नाव खोटं कशाला?’

‘आजी, ओळखतील लोक.’

‘ओळखू दे. एवढं दूध दिलं तिनं.’

पाचव्या खर्ड्यात बदललेलं नाव दोन ठिकाणी निळ्या पेनाने खोडलेलं आहे आणि वर खरं नाव लिहिलेलं आहे. ते इथे लिहीत नाही. तिच्या लेखात ते आहे.